दोरी पास, गेम नापास: चाळिशीत केलेल्या डोळ्याच्या थेरपीचा हिशोब

पाचपैकी साडेतीन तारे. थेरपी देणाऱ्या मॅडमना पाच, व्यायामाच्या दोरीला साडेचार, लॅपटॉपवरच्या गेमला दोन आणि काउंटरला एक. सरासरी काढली तर साडेतीनहून कमीच भरते, पण मॅडमचं वजन मी जास्त धरलंय. केंद्राचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत, आणि ज्या बाईंनी माझ्यावर मेहनत घेतली त्या तिथंच नोकरीला आहेत. माझ्या लिहिण्यानं त्यांच्या पोटावर पाय यायला नको. छत्रपती संभाजीनगरातलं आहे, खाजगी आहे, दुसऱ्या मजल्यावर आहे, एवढं पुरे.

मी अंबडचा. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली. उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारी जळतात तेव्हा आमचा सीझन. वय एक्केचाळीस. उजवा डोळा ठणठणीत, ६/६. डावा लहानपणापासून आळशी, ज्याला डॉक्टर लोक लेझी आय म्हणतात तो. बाहेरून काही कळत नाही. तिरळा नाही, लाल नाही, पाणी येत नाही. डाव्याला प्लस साडेचारचा नंबर होता आणि उजव्याला काहीच नव्हता, म्हणून मेंदूनं बालपणीच डाव्याकडून येणारं धूसर चित्र घ्यायचं सोडून दिलं. डोळ्यात बिघाड नाही, बिघाड लाइनमध्ये. थ्री फेज मोटारीची एक फेज गेली की ती घुमते, तापते आणि जळते. माझं डोकं मोटारीपेक्षा हुशार निघालं. एका फेजला गडबड दिसली तर त्यानं ती फेजच काढून टाकली आणि उरलेल्यावर चाळीस वर्षं काढली.

खुणा भरपूर होत्या, पण त्या डोळ्याच्या आहेत हे कुणाला ठाऊक? शाळेत बॉल माझ्याकडं आला की हाताला लागायच्या आधी छातीला लागायचा. टीममध्ये मी कायम अंपायर. चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवल्याशिवाय मी ओतत नाही. घरचे म्हणायचे, चिक्कू आहे, थेंब सांडू देत नाही. मत्स्योदरी देवीची टेकडी चढताना काही वाटायचं नाही, उतरताना मात्र पायऱ्या म्हणजे जमिनीवर ओढलेले पट्टे. कुठं संपते आणि कुठं पुढची सुरू होते ते पायालाच विचारायचं. माय म्हणायची, "पाय बघून टाक की रे, ध्यान कुठं असतंय तुझं?" आता पाय बघूनच तर टाकत होतो.

एकोणीस वर्षांचा असताना गावात डोळ्यांचं शिबिर आलं. उजवा डोळा झाकायला सांगितला आणि समोरचा तक्ताच गेला. वर एक मोठं अक्षर आहे एवढं कळलं. तिथले डॉक्टर म्हणले, "आठ वर्षांच्या आत आणायला पाहिजे होतं. आता काही होत नाही." चष्मा दिला. तो घातला की जमीन एका बाजूनं उचलल्यासारखी वाटायची. दोन दिवसांत कपाटात गेला.

त्यानंतर हा विषय माझ्यापुरता संपला होता. मागच्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम पोरीच्या शाळेत आली. पोरगी पहिलीत, सहा वर्षांची. चिठ्ठी घरी आली: डावा डोळा तपासून घ्या. माझाच डावा. मी चिठ्ठी घेऊन उभाच राहिलो.

तिला घेऊन गेलो तेव्हा या केंद्राची गाठ पडली. तिला चष्मा दिला, आणि चष्म्याला काही आठवडे दिल्यावर चांगल्या डोळ्याला रोज दोन तास पट्टी. सासूबाईंना हे पटेना. "चांगला डोळा झाकता व्हय? अन् वाईट उघडा ठेवता?" मॅडमनी फोनवर त्यांनाही समजावलं. घरातला कमावता भाऊ बाहेर गेल्याशिवाय बसून खाणारा कामाला लागत नाही, असं काहीतरी सांगितलं. सासूबाईंना ते लगेच कळलं, त्यांना दोन भाऊ आहेत. मला वाटायचं दिवसभर पट्टी लावली तर दुप्पट फायदा. तसं नाही. अमेरिकेत सात वर्षांखालच्या मुलांवर २००३ साली झालेल्या तपासणीत, मध्यम दोष असेल तर दोन तास आणि सहा तास यांचा निकाल सारखाच आला होता. पोरगी त्या दोन तासांत माझ्या दुकानात बसून जुन्या बेअरिंगमधल्या गोळ्या मोजते.

तिची तपासणी चालू असताना मॅडमनी सहज विचारलं, "घरात अजून कुणाला आहे का?" मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

आता त्या तपासणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पैसे वसूल झाले ते इथंच. मॅडम ऑर्थोप्टिस्ट आहेत. हा शब्द मलाही नवा होता. चष्म्याचा नंबर काढणारे वेगळे, ऑपरेशन करणारे वेगळे. दोन डोळे एकमेकांबरोबर काम करतात की नाही हे बघणारे हे लोक. पाऊण तास लावला. आधी लाल-हिरवा चष्मा घातला, उजव्याला लाल, डाव्याला हिरवा. समोर टॉर्चमध्ये चार ठिपके: एक लाल, दोन हिरवे, एक पांढरा. "किती दिसतात?" मी म्हणलं, दोन, लाल. म्हणजे डावा बंद. दोन्ही डोळे चालू असते तर चार दिसले असते, दोघांचं जुळत नसतं तर पाच, आणि उजवा बंद असता तर तीन हिरवे. टॉर्च हळूहळू जवळ आणला. हातभर अंतरावर आल्यावर दोनाचे चार झाले, एक सेकंद, परत दोन. त्या म्हणल्या, "हे चांगलं आहे." मला काय चांगलं ते कळेना. तुमच्या लाइनला करंट आहे, फ्यूज उडालाय, एवढाच त्याचा अर्थ, हे मी माझ्या भाषेत लावून घेतलं.

मग माशीचं चित्र. पोलराइज्ड चष्मा घालायचा आणि एका मोठ्या माशीचे पंख चिमटीत धरायचे. सगळ्यांना म्हणे पंख कागदाच्या वर उचललेले दिसतात आणि चिमूट हवेत थांबते. माझी बोटं सरळ कागदावर आपटली. माझ्या पोरीची बोटं हवेत थांबली. तिला दिसत होतं, मला नाही. त्या क्षणाला मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू.

शेवटी एक लांब पट्टी आणली, तिच्यात लाल काचा, फिकट गुलाबीपासून गडद लालपर्यंत सतरा. चांगल्या डोळ्यापुढं एकेक काच सरकवत नेली आणि दिवा एकाचे दोन कधी होतात ते विचारत राहिल्या. माझे बाराव्या काचेला झाले. या पट्टीबद्दल मुद्दाम लिहितोय. मेंदू डावा डोळा दाबून ठेवतो ते उगाच नाही. त्यानं दोन-दोन दिसण्यापासून तुम्हाला वाचवलेलं असतं. मोठ्या माणसाचा हा दाब कमी केला आणि दोन चित्रं जुळवायची ताकद नसली तर कायमचं दुहेरी दिसायला लागू शकतं, आणि ते मग मिटवता येत नाही. मॅडम म्हणल्या, "पहिल्या काही काचांतच दोन दिसले असते तर मी तुम्हाला चहा पाजून परत पाठवलं असतं." म्हणून कुणी मोबाइलवर बघून हे व्यायाम घरीच सुरू करणार असेल तर आधी ही पट्टी जिथं आहे तिथं जा.

मी विचारलं, मग आठ वर्षांचं ते काय होतं? तर ते डॉक्टर खोटं बोलले नव्हते. ह्यूबेल आणि वीझल नावाच्या दोघांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा काही आठवडे शिवून ठेवला होता. डोळा उघडला तरी मेंदू त्याच्याकडून काही घेईना. मोठ्या मांजराचा तसाच शिवला तर फरक पडेना. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं, त्यात हे काम होतं. तिथून सगळ्या डॉक्टरांच्या डोक्यात पक्कं बसलं की ठरावीक वयानंतर दार बंद. पुढं दिसलं की दार बंद आहे, पण कडी लागलेली नाही. अमेरिकेतल्या सुसान बॅरी, स्वतः मेंदूशास्त्राच्या प्राध्यापिका, लहानपणापासून तिरळ्या, ऑपरेशनं झालेल्या. त्यांना वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी थेरपीनं खोली, म्हणजे कुठली वस्तू पुढं आणि कुठली मागं ते, दिसायला लागली. मॅडमनी हे सांगितलं आणि लगेच बोट वर केलं, "पण सगळ्यांचं असं होत नाही. तुमचे डोळे सरळ आहेत म्हणून मी प्रयत्न करते. नजर किती सुधारेल ते सांगणार नाही."

आणि बाहेर काउंटरच्या मागं फ्लेक्स: कोणत्याही वयात लेझी आय बरा, १०० टक्के. आत एक, बाहेर एक. काउंटरवाल्यानं चोवीस सिटिंगचं पॅकेज पुढं केलं, एकवीस हजार सहाशे, "आज भरलं तर हेडसेटचं सेशन फ्री." मॅडमनी बारा लिहिलेले होते. मी म्हणलं, चिठ्ठीवर बारा आहे. तर म्हणतो, "मॅडम मिनिमम लिहितात, सर." मोटार खोलायच्या आधी बिल सांगणाऱ्याला आमच्या धंद्यात काय म्हणतात ते इथं लिहिता येत नाही. बाराचे बारा हजार भरले. पावती मागितली तेव्हा मिळाली, न मागता नाही.

पहिली गोष्ट लेन्स. चष्म्यानं का गरगरतं ते वीस वर्षांनी कळलं: एका डोळ्याला प्लसची जाड काच, दुसऱ्याला साधी, जाड काच चित्र मोठं करते, दोन मापांची चित्रं मेंदू जुळवणार कशी? कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यावरच बसते म्हणून हा फरक बराच कमी होतो. लेन्स लावल्यावर डावा ६/३६ वाचायला लागला, म्हणजे चांगल्या डोळ्याला छत्तीस मीटरवरून दिसतं ते त्याला सहा मीटरवरून. गरगर नाही. पण रिवाइंडिंगवाल्यानं लेन्स वापरायची म्हणजे सर्कस. हाताला वार्निश, नखात तांब्याचा चुरा. मी दुकानातली लेन्सची वेळच ठरवून टाकली: सकाळी आंघोळ करून घालायची, वार्निशचं काम दुपारनंतर, त्याआधी काढायची. नळाचं पाणी लेन्सला लावायचं नाही हे मॅडमनी चारदा सांगितलं. आमच्याकडं नळाला पाणीच आठ दिवसाला येतं, तेवढी सोय आहे.

आता दोरी. हिला ब्रॉक स्ट्रिंग म्हणतात, फ्रेडरिक ब्रॉक नावाच्या माणसानं काढलेली. तो स्वतःच तिरळा होता म्हणे. पांढरी दोरी, तिच्यात तीन मणी: लाल, पिवळा, हिरवा. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं नाकाच्या शेंड्याला. बस. हिचे साडेसहाशे रुपये घेतले तेव्हा मी मनातल्या मनात काउंटरला अजून एक शिवी दिली.

पण कल्पना बघा. तुम्ही मधल्या मण्याकडं बघितलं तर दोन्ही डोळे त्या मण्यावर येऊन मिळतात. तो मणी एक दिसतो आणि दोरी मात्र दोन दिसते, कारण प्रत्येक डोळा तिला आपल्या कोनातून बघतो. मण्यात दोन दोऱ्या शिरतात, दोन बाहेर पडतात, फुली तयार होते. जवळच्या मण्याकडं बघितलं तर पुढं दोन फाटे फुटलेले दिसतात, लांबच्याकडं बघितलं तर तुमच्या नाकापासून निघालेल्या दोन दोऱ्या तिकडं जाऊन मिळतात. ज्याचे दोन्ही डोळे चालतात त्याला हे न शिकवता दिसतं. माझ्या बायकोला पहिल्या फटक्यात दिसलं आणि ती म्हणली, "अहो, यात काय एवढं?"

मला एकच दोरी दिसायची. दोरी म्हणजे मीटर आहे. डोळा बंद पडला की एक दोरी गायब. कुणाला विचारायला नको, स्वतःला फसवायची सोय नाही. गंमत अशी की लांबच्या मण्याकडं बघताना नाकाजवळ जी दोरी उजवीकडं दिसायला पाहिजे ती डाव्या डोळ्याची असते. मी आठवडाभर उलटी दोरी शोधत होतो. एकेक डोळा झाकून बघितलं तेव्हा ट्यूब पेटली.

मॅडमनी युक्त्या दिल्या. उजव्या डोळ्यापुढं फिकट लाल काच धरायची म्हणजे त्याचा जोर कमी होतो. दोरी बोटानं हलवायची, कारण हलणारी वस्तू मेंदूला दाबता येत नाही तेवढी. पापण्या मिटून उघडायच्या. रोज दहा-दहा मिनिटं दोनदा, जास्त नाही. मी दुकानात शटरच्या हुकाला दोरी बांधायचो. गिऱ्हाईक यायचं, मी नाकाला दोरी लावून उभा. एका शेतकऱ्यानं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मिस्त्री, काय करू लागलात? नवस केलाय का?"

बाराव्या दिवशी दुसरी दोरी आली. फिकट, धुरासारखी, हलवली की दिसायची आणि थांबवली की जायची. माझ्यातला मिस्त्री एकदम खूष झाला: फेज आली, व्होल्टेज कमी आहे.

तिसऱ्या आठवड्यात घाबरलो मात्र. अंबड-जालना रस्त्यानं दिवेलागणीला मोटारसायकलवर येत होतो. पुढं उसाची ट्रॉली, मागं तिचा लाल दिवा. दिव्याचे दोन झाले, मग ट्रॉलीच्या दोन झाल्या, एक जरा वर, एक खाली. गाडी कडेला घेतली, डावा डोळा हातानं झाकला आणि पाच मिनिटं बाभळीखाली बसलो. मॅडमना फोन लावला. त्या म्हणल्या, चार दिवस दोरी बंद, अंधारात गाडी बंद, आणि दुहेरी दिसणं वाढलं तर उद्याच या. वाढलं नाही, गेलं. तरी तक्रार आहे: असं होऊ शकतं हे मॅडमनी तोंडी सांगितलं होतं, पण इतक्या सगळ्या सांगण्यात ते माझ्या लक्षात राहिलं नाही. पॅकेजची माहिती गुळगुळीत कागदावर चार रंगांत छापून देता, मग "थेरपी चालू असताना दिवेलागणीनंतर गाडी चालवू नका" ही एक ओळ मराठीत छापायला काय जातं?

विकत दिलेली दोरी दोन महिन्यांत गेली. मण्यांचा रंग उडाला, पिवळा आणि हिरवा ओळखू येईना, गाठी सरकायला लागल्या. तेवढ्यात पोळा आला. जालन्याच्या बाजारात बैलांच्या साजाच्या दुकानापुढं उभा होतो, झुली, गोंडे, घागरमाळा, आणि मण्यांच्या पाट्या भरलेल्या. चाळीस रुपयांत चार मणी घेतले, एक जास्तीचा. मोठा लाल लांबच्या टोकाला, मधला पिवळा, जवळ बारका हिरवा. दोरी दुकानातली, मोटारीच्या कॉइल बांधायची पांढरी, कशानं तुटत नाही. नेऊन मॅडमना दाखवली. त्यांनी नाकाला लावून बघितली आणि म्हणल्या, "आमच्यापेक्षा बरी आहे." काउंटरवाला ऐकत होता, बरं झालं.

गेमबद्दल. लाल-हिरवा चष्मा घालून लॅपटॉपवर खेळायचा. पडणाऱ्या विटा एका डोळ्याला, खालचा ढीग दुसऱ्याला. दोन्ही डोळ्यांनी मिळून खेळल्याशिवाय जमू नये अशी रचना. घरच्यासाठी सहा महिन्यांचे साडेसहा हजार. कल्पनेत खोट नाही. कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठाच्या लोकांनी २०१३ साली अठरा मोठ्या माणसांवर असाच टेट्रिस वापरला होता आणि पट्टी लावून खेळणाऱ्यांपेक्षा दोन्ही डोळ्यांनी खेळणाऱ्यांना जास्त फायदा झाला होता. हेच काउंटरवर सांगतात. पुढचं सांगत नाहीत. २०१८ साली एकशे पंधरा जणांची मोठी चाचणी छापून आली, त्यात अर्ध्यांना खरा गेम आणि अर्ध्यांना दिसायला तसाच पण बनावट गेम दिला. सहा आठवड्यांनी दोघांचा फायदा जवळजवळ सारखाच, आणि तोही थोडा. हे मला मॅडमनीच सांगितलं, गेम घेऊन झाल्यावर मी विचारलं तेव्हा. पैसे तोवर गेले होते.

माझा अनुभव तसाच. माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर हिरवं लाल काचेतून पूर्ण गायब होत नव्हतं, पुसट सावली राहायची, म्हणजे उजवा डोळा कॉपी करायचा. शिवाय एक डोळा बारीक केला की स्कोअर वाढतो आणि गेमला ते कळत नाही. पोरीनं ते दहा मिनिटांत शोधलं. मदतीचा नंबर लावला तर पलीकडं इंग्रजी, नंतर हिंदी. या सावलीला "घोस्टिंग" म्हणतात हे मला त्यांनीच शिकवलं आणि उपाय म्हणून नवीन पडदा घ्या म्हणले. दोन तारे दिले ते पोरगी पट्टीच्या वेळात त्यावर रमते म्हणून. हेडसेटचं एक सेशन केलं, मळमळलं, परत केलं नाही.

आणि आता ज्यासाठी एवढं केलं ते. ऑक्टोबरमध्ये, आठव्या-नवव्या सिटिंगनंतर. टेबलावर एका मोनोब्लॉक पंपाचा स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, होता, पाच एचपी, कॉइल भरून झालेल्या, जोडणीची टोकं बाहेर. मी वाकलो आणि एक तार माझ्याकडं आली. हलली नाही, आली. मी डोकं मागं घेतलं, टोचेल म्हणून. मग हळूच परत पुढं केलं. ती तार बाकीच्या तारांच्या पुढं होती, आणि तिच्या मागं जागा होती, रिकामी, हवा असलेली जागा, आणि मग कॉइल, आणि कॉइलच्या मागं स्लॉटची खोल भिंत. सतरा वर्षं मी हे बघतोय. कुठली तार वर आहे ते मला सावलीवरून कळायचं, कशानं काय झाकलंय त्यावरून कळायचं, हातानं कळायचं. कळायचं, दिसत नव्हतं.

दुकानातल्या पोराला बोलावलं. "हे बघ. ही तार पुढं अन् ही मागं, अशी दिसते का तुला?" त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. "मग काय मामा, मागची पुढं दिसणार का?"

पाचेक मिनिटं टिकलं आणि गेलं. स्टेटर परत सपाट. पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या मोसंबीच्या बागेत मोटार बसवायला गेलो होतो, तिथं परत. आंबे बहाराची फळं होती. माझ्यासाठी मोसंबीचं झाड म्हणजे हिरव्या कापडावर पिवळट ठिपके. त्या दिवशी एक मोसंबी पानांपासून सुटून पुढं लटकत होती. हात घातला तो बरोबर तिच्यावरच गेला, चाचपावं लागलं नाही. मालक म्हणला, "तोडा, तोडा, लाजता कशाला." मी लाजत नव्हतो.

कागदावरचा हिशोब सांगतो, कारण १०० टक्केवाल्यांनी सांगितला नसता. पाच महिन्यांनी डावा डोळा लेन्ससह ६/३६ वरून ६/१८. माशीचे पंख आता उचललेले दिसतात, आणि त्याच पुस्तकातल्या वर्तुळांपैकी २०० सेकंदांपर्यंतची कळतात. हे सेकंद म्हणजे कोनाचे. एका अंशाचे छत्तीसशे भाग केले तर त्यातला एक. निरोगी माणसाला चाळीस सेकंदांचं शेवटचं वर्तुळही दिसतं, माझी बायको तिथपर्यंत न थांबता गेली. माझं गाडं मध्येच अडलं आहे. चार ठिपके जवळून चार दिसतात, लांबून अजून कधी चार, कधी दोन. संध्याकाळी दमलो की डावा झोपतो. डाव्या एकट्यानं पेपर वाचायला घेतला तर अक्षरं गर्दी करतात, एकमेकांच्या अंगावर चढतात; ते फारसं सुधारलं नाही. म्हणून कुणी "तुझा डोळा बरा झाला का?" विचारलं की मी नाही म्हणतो. बॉल अजून छातीलाच लागतो. मत्स्योदरीच्या पायऱ्या उतरताना कठडा धरतो, फक्त आता पट्ट्यांना कडा आहेत.

पैशाचं: तपासणी आठशे, सिटिंग बारा हजार, गेम साडेसहा हजार, दोरी साडेसहाशे, लेन्सचा खर्च वेगळा आणि चालूच. अंबडहून जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, दुकान बंद, एसटीचं भाडं. बायकोचं अर्धं तिकीट म्हणून ती बरोबर यायची आणि पोरीची तपासणीही त्याच दिवशी करून घ्यायचो. परत केलं तर गेम घेणार नाही, हेडसेट घेणार नाही. तपासणी, सहा सिटिंग, लेन्स आणि पोळ्याची दोरी, एवढंच. मॅडमनीही हसत हसत हेच सांगितलं, आवाज खाली करून.

पोरीबद्दल विचाराल म्हणून: तिचा डावा ६/२४ वरून ६/९ आलाय. माझ्या पाच महिन्यांत तक्त्यावरच्या माझ्या दोन ओळी, तिच्या तीन. पट्टी अजून चालू आहे, कमी केली की परत बिघडू शकतं म्हणून हळूहळू उतरवणार आहेत.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: पार्किंग नाही, गाडी बाहेर रस्त्यावर लागते. काउंटरवर काही भरायच्या आधी मॅडमची चिठ्ठी हातात घ्या आणि त्यावर जेवढं आहे तेवढंच भरा. आणि गुरुवारी मॅडम नसतात, त्या दिवशी मशीनवर एक मुलगा बसवून पूर्ण सिटिंगचे पैसे घेतात. फोन करून विचारलं तरच सांगतात.